संत्र्याच्या बागेतला पाचवा

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय पिंट्या,

परवा फोन तू आपटलास, मी नाही. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मध्येच तोडता येत नाही.

तू म्हणालास, "चाल माझी, शब्द बहिणीचे, आणि सगळं घडवलं त्या बाहेरच्या अरेंजरनं. आता गाण्याच्या रिलीजला येऊन पाहुण्यासारखा पहिल्या रांगेत बसू?" मी गप्प बसलो, कारण त्यातलं काहीच खोटं नव्हतं. रात्री झोप येईना. माळ्यावरची कॅसेटची पेटी काढली, तर नो डाउट या अमेरिकी बँडची 'ट्रॅजिक किंगडम' हाताला लागली. ९७ सालची, तुझीच. परत केली नव्हती, कबूल.

मेसमधला तो टीव्ही आठवतो का? त्यातलं 'डोन्ट स्पीक' लागलं की आमटीची वाटी हातातच राहायची. तू मात्र नाक मुरडायचास, "हे कसलं स्का? रडगाणं आहे!" आणि मग मेसच्या टेबलावर मला स्का शिकवायचास. केरवा धर, पण मात्रेवर वाजवू नकोस, दोन मात्रांच्या मधल्या फटीत वाजव. माझा हात मेला मात्रेवरच पडायचा. जमैकात पन्नासच्या दशकाच्या अखेरीस जन्मलेला हा उलटा ठेका १९७९ च्या आसपास इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या गोऱ्याकाळ्या पोरांनी उचलला, हेही तूच सांगितलेलं. डिस्नेलँडच्या ॲनाहाइम गावात तो एका घरात शिरला, तो लंडनच्या मॅडनेस बँडच्या रेकॉर्डमुळे. ती रेकॉर्ड घरी आणणारा पोरगा म्हणजे एरिक स्टेफानी.

तेव्हा आपण सगळे त्याच्या बहिणीकडे, नो डाउटची गायिका ग्वेनकडे बघत होतो. (तू बेसवाल्या टोनी कनालकडेही. त्याचे आईबाप भारतीय, हे कळल्यावर आठवडाभर तू तो तुझा आतेभाऊ असल्यासारखा वागलास.) एरिककडे कोणाचंच लक्ष नव्हतं. पण १९८६ मध्ये बँड काढला तो त्यानं आणि जॉन स्पेन्सनं, आइस्क्रीमच्या दुकानात कामाला असताना. कीबोर्ड एरिकचा, गाणी बहुतेक त्याचीच, आणि बहिणीला गायला उभी केली तीही त्यानंच. वर्षभरात स्पेन्सनं आत्महत्या केली. तेव्हाही पोरांनी बँड मोडला नाही.

पहिला अल्बम १९९२ चा. सगळीकडे ग्रंज नावाच्या उदास रॉकचा काळोख, आणि हे ट्रॉम्बोन घेऊन उड्या मारणारे. जेमतेम तीसेक हजार प्रती खपल्या. कंपनीनं हात आखडता घेतला. मार्च १९९३ पासून अडीच वर्षं आणि ११ स्टुडिओ, इतकी वणवण करून दुसरा अल्बम झाला. मध्येच कंटाळून पोरांनी आजीआजोबांच्या रिकाम्या घराच्या गॅरेजात स्टुडिओ थाटला आणि १९९५ मध्ये एक अख्खा अल्बम स्वतःच काढून विकला. आपल्या गॅदरिंगच्या कॅसेटसारखाच. फरक एवढाच, की त्यांचा खपला.

आता तुझ्या दुखण्यावर येतो. कंपनीनं मॅथ्यू वाइल्डर नावाचा प्रोड्यूसर आणून बसवला. बाहेरचा माणूस. स्वतः ऐंशीच्या दशकातला पॉप गायक. तो गाण्याचे सांधे उसवणार, मुखडा पुढे घेणार, अंतरा कापणार. एरिकला ते सोसेना. आधी त्यानं तालमीला यायचं टाळलं, मग १९९४ च्या अखेरीस बँडच सोडला आणि 'द सिम्पसन्स'मध्ये ॲनिमेशन करायला गेला. त्याच सुमारास टोनी आणि ग्वेनचं सात वर्षांचं प्रेमही तुटलं. म्हणजे ज्या घरातून बँड निघाला त्या घरातला मोठा भाऊ गेला, आणि जो राहिला तो रोज शेजारी बेस घेऊन उभा, ज्याच्याकडे बघवत नाही असा. अशा अवस्थेत अल्बम पुरा झाला.

'डोन्ट स्पीक' हे मुळात एरिकचं. साधं, सुखाचं प्रेमगीत होतं ते. ग्वेननं त्याचे शब्द बदलले आणि ते ताटातुटीचं झालं. भावाची चाल, बहिणीचे शब्द. काही ओळखीचं वाटतंय का?

आणि ज्याच्यावर लिहिलं तोच मागे बेस वाजवतोय. दोन वर्षांहून जास्त काळ, गावोगावी. मला तर एका लग्नाच्या ऑर्डरमध्येही ते झेपलं नसतं.

१० ऑक्टोबर १९९५ ला अल्बम आला तेव्हा कुठे फटाके वाजले नाहीत. 'जस्ट अ गर्ल'नं दार किलकिलं केलं, वडील रात्री उशिरा गाडी चालवू देत नाहीत या चिडीवरचं गाणं. अमेरिकेच्या अल्बम-यादीत पहिल्या नंबरावर पोचायला डिसेंबर १९९६ उजाडला. मग मात्र एकूण नऊ आठवडे तिथं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्याच प्रती एक कोटीवर गेल्या म्हणून डायमंड सर्टिफिकेट. गंमत म्हणजे 'डोन्ट स्पीक' रेडिओच्या यादीत १६ आठवडे पहिलं, पण गाण्यांच्या मुख्य यादीत त्याचं नावच नाही, कारण त्या एका गाण्याची सुटी सिंगल विकायला काढली नव्हती आणि तेव्हाचा नियम तसा होता. नाटक हाउसफुल्ल, पण हजेरीपटावर नट गैरहजर!

(तरी १४ गाणी जरा जास्तच झाली. मी अकरावर थांबलो असतो.)

मला विचारशील तर एरिकची तक्रार खरी होती आणि वाइल्डरचं कामही उत्तम होतं. पंचवीस वर्षं मी यातलं एक खोटं पाडायला बघतोय, जमत नाही.

पण तुला दाखवायचंय ते कव्हर. कॅसेटवर ते बोटभर दिसतं, म्हणून भिंग लावून पाहिलं. संत्र्याची बाग. पुढे लाल कपड्यात ग्वेन, हातात किडकं संत्रं. अल्बमचं नावही त्याच जातीचं, गिटारवाल्या टॉमच्या शाळेतले मास्तर डिस्नेलँडच्या मॅजिक किंगडमला 'ट्रॅजिक किंगडम' म्हणायचे, तिथून आलेलं. मागे झाडांत पोरं उभी आहेत. मोज. बँडमध्ये तेव्हा चौघंच उरली होती. चित्रात पाच आहेत. पाचवा एरिक. सोडून गेलेला, तरी फोटोला आलेला, कॅमेऱ्याकडे न बघता उभा. आणि १९९८ मध्ये ग्रॅमीच्या 'साँग ऑफ द इयर'साठी 'डोन्ट स्पीक' नामांकित झालं. तो मान गाणं लिहिणाऱ्यांचा असतो, म्हणून तिथे दोन नावं होती, ग्वेन आणि एरिक.

काल आपलं गाणं मला पाठवलंय तुझ्या बहिणीनं. तुझं ते पावसाचं. पाऊस काढून तिनं रिकामं घर घातलंय. अंतऱ्याच्या शेवटी कोमल निषादावरून खाली येणारी तुझी उतरंड जशीच्या तशी आहे, फक्त त्या अरेंजरनं तिच्याखाली चेलो ठेवलाय. ऐकण्याआधी मी तुझ्या वतीनं रागवायची तयारी केली होती. मग बायकोनं विचारलं, डोळे का पुसतोयस.

तर शुक्रवारच्या महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढ. स्टेशनवर मी येतो. पहिल्या रांगेत बसायची जबरदस्ती नाही, आपण मागे खांबाला टेकून उभे राहू आणि तुला हवं तर तोंड दुसरीकडे करू. नागपूरहून संत्री आण, आणि एक पेन्सिलही. तुझ्या कॅसेटची बी साइड अडकते.

तुझाच,
बंड्या