चिलखती द्वंद्वांचा आरंभ वेताच्या तलवारीने झाला

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पोलादी चिलखते चढवून खेळल्या जाणाऱ्या मध्ययुगीन द्वंद्वांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. युक्रेनमधील खोतिनच्या किल्ल्यात 2010 मध्ये झालेल्या पहिल्या 'बॅटल ऑफ द नेशन्स' या राष्ट्रसंघांच्या पोलादी लढतींच्या स्पर्धेचे त्यातील वर्णन उत्तम उतरले आहे, हे आधीच नमूद करतो. मात्र हा खेळ जणू त्याच किल्ल्यात जन्माला आला, असा जो सूर लेखभर ऐकू येतो, तो वस्तुस्थितीला धरून नाही. त्यापूर्वी चव्वेचाळीस वर्षे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर काही तरुण मंडळी ढाल-तलवार घेऊन एकमेकांसमोर उभी राहिली होती आणि आज अनेक देशांत पसरलेल्या या छंदाच्या एका मोठ्या शाखेचा उगम तेथे आहे. सत्तरच्या दशकात शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात असताना मीही काही काळ त्या मंडळींबरोबर खेळलो असल्यामुळे याविषयी दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

1 मे 1966 रोजी बर्कली येथे डायना पॅक्सन यांच्या घराच्या परसात पहिला सामना झाला. पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आलेल्या पॅक्सन तेव्हा मध्ययुगीन साहित्याच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांच्या ओळखीतील दोघा तरुणांना ढाल-तलवारीचा सराव करण्याचा नाद होता आणि त्यावरून सर्वांनी जुन्या पोशाखात यावे व रीतसर द्वंद्वे लढावीत अशी कल्पना निघाली. बर्कली हे त्या काळी मोर्च्यांचे गाव होते. विद्यापीठातील भाषणस्वातंत्र्याच्या आंदोलनाला दोन वर्षेही झाली नव्हती आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धची निदर्शने चालूच होती. त्यामुळे सामन्यानंतर ही झगे घातलेली मंडळी गाणे म्हणत टेलिग्राफ अव्हेन्यूवरून निघाली आणि आपण विसाव्या शतकाचाच निषेध करीत आहोत असे म्हणू लागली, याचे गावाला फारसे नवल वाटले नसावे. पुढचा सामना सार्वजनिक उद्यानात घ्यायचा तर परवानगीच्या अर्जावर संस्थेचे नाव लिहावे लागणार होते. लेखिका मॅरियन झिमर ब्रॅडली यांनी 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम' हे नाव सुचवले आणि सरकारी कागदावरची रिकामी जागा भरण्यासाठी निघालेले ते नाव संस्थेला कायमचे चिकटले.

तत्पूर्वी असे काही घडलेच नव्हते, असा माझा दावा नाही. स्कॉटलंडमध्ये 1839 साली एग्लिंटनच्या तेराव्या अर्लने अफाट खर्च करून भाल्यांची द्वंद्वे भरवली होती आणि ऑगस्टअखेरच्या पावसाने त्या थाटाचा पार चिखल केला होता. पण तो उमरावांचा सोहळा होता. बाकीच्यांनी तो लांबून पाहायचा होता. बर्कलीत विद्यार्थी, ग्रंथपाल आणि गॅरेजमध्ये राबणारी माणसे स्वतःच मैदानात उतरली, आणि तीही स्वतःच्या हाताने बनवलेल्या सामानानिशी.

हे सामान आजच्या खेळाडूला पाहायला मिळाले तर तो पोट धरून हसेल. अगदी सुरुवातीला लाकडी तलवारी आणि तलवारबाजीच्या सरावातील जाळीचे मुखवटे यांवर भागवले जाई. लवकरच लाकडाची जागा वेताने घेतली, कारण वेत आतून भरीव असतो आणि तुटताना त्याच्या टोकदार फाका उडत नाहीत, नुसता तंतूंचा झुपका उरतो. सुमारे सव्वा इंच जाडीचा वेत निवडायचा, गाठी तासायच्या, वरून चिकटपट्टी गुंडाळायची आणि धारेची बाजू ओळखू यावी म्हणून त्या बाजूने वेगळ्या रंगाची पट्टी ओढायची, ही आमची लोहारकी. बरेच सामने खाल्लेला वेत आतून पिंजून मऊ पडे. तो मुठीत धरून वाकवून पाहिला की आयुष्य संपले हे कळे. चिलखतासाठी जुन्या गालिच्याचे तुकडे कापून शिवणारे लोक मी पाहिले आहेत आणि दिवसभराच्या घामानंतर त्या गालिच्याला सुटणारा दर्प अजून विसरलेलो नाही. शीतकरणाच्या वायूची रिकामी नळकांडी कापून केलेली शिरस्त्राणेही त्या काळात सर्रास दिसत. बादलीत डोके घालून बाहेरून कोणी दांडके हाणावे, तसा त्यांत प्रत्येक वार घुमे. पुढे दुखापतींच्या अनुभवातून नियम कडक झाले. शिरस्त्राणाला सोळा गेजचा, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा, तोंडापुढे गज, मान, कोपर आणि गुडघे यांना सक्तीचे संरक्षण आणि गुडघ्याखाली वार करण्यास मनाई, हे सारे टप्प्याटप्प्याने आले.

तथापि आपल्या लेखातून जे सुटले आहे आणि ज्यासाठी मुख्यत्वे हे पत्र लिहीत आहे, ते सामानापेक्षा महत्त्वाचे आहे. या लढतींत हारजीत पंच ठरवीत नसत. वार लागला की नाही आणि लागला असल्यास तो जीवघेणा होता की नाही, याचा निर्णय ज्याला तो लागला त्यानेच द्यायचा, हा त्या खेळाचा पाया होता व आजही आहे. प्रत्येकाच्या अंगात कड्यांचे चिलखत आणि डोक्यावर नाकपट्टी असलेले उघड्या चेहऱ्याचे शिरस्त्राण आहे असे गृहीत धरायचे, तलवार खरी असती तर या वाराने काय झाले असते याचा मनाशी विचार करायचा आणि त्याप्रमाणे वागायचे. हात गेला तर तो पाठीमागे घ्यायचा. पाय गेला तर गुडघ्यांवर बसून लढायचे. डोक्यावर किंवा धडावर भरीव वार बसला तर सरळ जमिनीवर पडायचे. मैदानावरील अधिकारी सुरक्षिततेपुरते असत. त्यांनी थांबण्याची आरोळी दिली की सर्वांनी जागच्या जागी थांबायचे, एवढाच त्यांचा अधिकार. 'लागला ना?' असे प्रतिस्पर्ध्याला विचारणेही शिष्टाचारात बसत नसे.

यात लबाडीला वाव होता, हे उघड आहे. मुकुटासाठीचा सामना जिंकणारा पुढचे काही महिने संस्थेतील 'राजा' होत असल्यामुळे मोहही कमी नव्हता. असे असूनही एका अंतिम लढतीत, कडेला उभ्या असलेल्या आम्हा कोणालाच दिसला नव्हता असा एक वार शिरस्त्राणाच्या मागच्या बाजूला बसताच, जिंकत आलेल्या माणसाने ढाल खाली टाकली, 'चांगला होता' असे म्हटले आणि तो पाठीवर आडवा झाला, हे मी स्वतः पाहिले आहे. रडीचा डाव खेळणारेही होते. अशांना गेंड्याच्या कातडीचे म्हणत आणि त्यांच्याशी लढायला फारसे कोणी उत्सुक नसे. नियमपुस्तकात नसलेल्या या शिक्षेचा धाक मला तरी कोणत्याही पंचाच्या शिटीपेक्षा मोठा वाटे.

पुढचा विस्तार लेखकाला सहज तपासता येईल. 1968 मध्ये बर्कलीत विज्ञानकथांच्या रसिकांचे जागतिक संमेलन भरले, तेथे या द्वंद्वांची प्रात्यक्षिके झाली आणि परगावाहून आलेली माणसे हे वेड आपापल्या गावी घेऊन गेली. त्याच वर्षी पूर्व किनाऱ्यावर संस्थेचे दुसरे 'राज्य', म्हणजे प्रादेशिक शाखा, स्थापन झाले. 1972 मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झालेले 'पेन्सिक युद्ध', म्हणजे या 'राज्यां'मधील लढतींचा मेळावा, आता दर उन्हाळ्यात दहा हजारांहून अधिक माणसे जमवते आणि हरणाऱ्या पक्षाच्या गळ्यात पिट्सबर्ग शहर मारायचे, अशी त्याच्या प्रारंभाविषयीची थट्टा तेथे अजून चालते.

पोलादी लढतींना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. बोथट का होईना, पण पोलादाचे घाव सोसणे हे येऱ्यागबाळ्याचे काम नव्हे, आणि गटाच्या लढतीत जो जमिनीला टेकला तो बाद, हा नियम प्रेक्षकाला क्षणात समजतो. तेथे पंच लागतात, कारण राष्ट्रांच्या नावाने खेळताना वार प्रत्येकाच्या सद्सद्विवेकावर सोपवणे अवघड आहे. पण आपल्या लेखात वेताच्या लढतींना 'लुटुपुटूचा हौशी खेळ' म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे, ते मात्र खटकले. सव्वा इंच जाडीचा वेत पूर्ण ताकदीने मांडीवर बसल्यावर उठणारा वळ लुटुपुटूचा नसतो.

लेखमालेचा पुढील भाग येत असल्याचे आपण जाहीर केले आहे. पहिल्या काही वर्षांत लढलेली मंडळी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात असून त्यांतील अनेकांनी आपल्या आठवणी आणि छायाचित्रे जपून ठेवली आहेत. लेखकाने पुढील भाग लिहिण्यापूर्वी त्यांच्यापैकी काहींशी पत्रव्यवहार करावा आणि वार मान्य करण्याच्या त्या रीतीविषयी त्यांना आवर्जून विचारावे, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक