पॅराशूट पेमेंट म्हणजे लॉटरी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालचा इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगवरचा लेख वाचला आणि डोकंच फिरलं. क्लब खालच्या डिव्हिजनला गेला तरी पॅराशूट पेमेंट, म्हणजे लीगकडून काही वर्षं आधाराचे पैसे मिळतात, त्यामुळे काळजी नाही, असं सरळ छापून मोकळे झालात. अहो, टीव्ही हक्कांच्या पैशातून प्रत्येक क्लबला जो समान वाटा मिळतो त्याचे पहिल्या वर्षी ५५ टक्के, मग ४५, मग २० आणि पुढे काहीच नाही, वर एकच सीझन टिकलेल्या क्लबला तर दोनच वर्षं. आणि खेळाडूंचे पगार? करारात कपातीचं कलम नसेल तर जसेच्या तसे द्यावे लागतात, त्यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही.

त्याहून वाईट वाटलं ते पुण्याच्या पेपरात ब्लॅकबर्न क्लबचं नावही नाही याचं. १९९५ चा प्रीमियर लीग चॅम्पियन क्लब, २०१० मध्ये आपल्या पुण्याच्या वेंकीज कंपनीने घेतला. मे २०१२ मधली विगनविरुद्धची मॅच मी रात्री जागून बघितली होती, धो धो पाऊस, मालकांचा धंदा कोंबड्यांचा म्हणून कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडलेली आणि ८७ व्या मिनिटाला गोल खाऊन टीम गेली खाली. पुणेकर म्हणून लाज वाटली. मग लगेच वर यायच्या घाईत जॉर्डन ऱ्होड्स या स्ट्रायकरवर ८० लाख पौंड घातले, मॅनेजर हेनिंग बर्गला ५७ दिवसांत काढलं तर कोर्टाने साडेबावीस लाख पौंड भरायला लावले, २०१४ च्या डिसेंबरात तोटा मर्यादेबाहेर गेला म्हणून खेळाडू घ्यायला बंदी आली. तेव्हा पॅराशूट चार वर्षं मिळायचं. ते २०१६ ला संपलं, ऱ्होड्सही त्याच वर्षी विकला आणि २०१७ ला गुण सारखे असूनही निव्वळ गोल डिफरन्सवर (केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकावर) क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये.

मालक स्वतःचे पैसे ओतत राहिले, हे मान्य. पण मध्यंतरी इथून पैसे पाठवायलाच दिल्ली हायकोर्टाची परवानगी काढावी लागली, मग मालकाच्या खिशावर चालणारा क्लब सुरक्षित कसा म्हणायचा? मालक पुण्यातले आहेत, तुमचा प्रतिनिधी जाऊन विचारू शकतो, एवढी मुलाखत कृपया घ्याच.

आणि हो, रात्री उशिराच्या मॅचचे स्कोअर पुण्याच्या आवृत्तीत दुसऱ्या दिवशीही येत नाहीत, आयपीएलचे मात्र शेवटच्या बॉलपर्यंत येतात. याआधीही कळवलं होतं, उत्तर नाही.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड