सावलीच्या बाल्कनीवाल्यांसाठीही लिहा की

मा. संपादक,

स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत बागेवरचे लेख येतात ते मी न चुकता वाचते, कात्रणं काढून ठेवते, पण गेली दोन-तीन वर्षं एक गोष्ट मनात आहे ती आज लिहूनच टाकते. जवळजवळ प्रत्येक लेखात गच्ची असते, सहा-सात तास कडक ऊन असतं, टोमॅटो असतात, मिरच्या असतात, गुलाब असतो. अहो, पण शहरात आता गच्ची कुणाला मिळते? आमच्यासारख्यांना चार फूट रुंद बाल्कनी, वर वरच्या मजल्याचा स्लॅब, समोर तीस फुटांवर दुसरी बिल्डिंग. ऊन येतं आणि जातं. आम्ही काय लावायचं ते कुणी नीट सांगतच नाही, आणि न सांगितल्यामुळे माझ्यासारखी माणसं उत्साहाने झाडं आणतात, ती मरतात, मग आपल्या हाताला झाडच येत नाही असं म्हणून कायमचं सोडून देतात. माझ्या ओळखीत असं सोडून दिलेली पाच-सहा घरं आहेत आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझंही तेच झालं होतं. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बाल्कनी पूर्वेला. राहायला आलो त्या पहिल्याच जूनमध्ये नर्सरीतून दोन गुलाब, एक मोगरा, टोमॅटोची चार रोपं, मिरची आणि तुळस आणली, कुंड्या-माती धरून अठराशे रुपये झाले. पूर्वेची बाल्कनी आहे असं सांगितलं तर नर्सरीवाला म्हणाला, चालतंय ताई, सकाळचं ऊन मिळतं ना. टोमॅटो तीन फूट वाढला, काडीसारखा, चार फुलं आली ती गळाली. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके येऊन पानं झडली. मोगऱ्याला पानंच पानं, कळी एक नाही. मी आपली खत घालत होते, पाणी वाढवत होते, आणि जास्त पाण्याने तर मुळंच कुजली. मोगरा तेवढा शेवटी बहिणीकडे पाठवला, तिच्याकडे बंगल्याची गच्ची आहे, तिथे तोच मोगरा त्याच कुंडीत वैशाखात इतका फुलला की ती मला रोज फोटो पाठवायची. तेव्हा कळलं की दोष झाडाचा नव्हता, मातीचा नव्हता आणि माझ्या हाताचाही नव्हता.

माझं माहेर मिरज तालुक्यातलं, बेडग-नरवाडच्या बाजूचं, म्हणजे पानमळ्यांचा भाग. लहानपणी आम्ही काकांच्या पानमळ्यात जायचो, बाहेर उन्हाने पाय भाजायचे आणि आत शिरलं की गारवा. शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा यांच्या सावलीत वेल चढवलेले असायचे, कारण पानवेलीला कडक ऊन सोसत नाही, पानं करपतात. सावली कमी-जास्त व्हायला नको म्हणून काका झाडांच्या फांद्या बघून-बघून छाटायचे. म्हणजे सावली हीसुद्धा जपायची, मोजायची गोष्ट आहे हे मी सहाव्या वर्षी बघितलेलं होतं. ते आठवलं आणि मी ठरवलं की आता नर्सरीत जायचं नाही, आधी आपल्याकडे ऊन किती आहे ते बघायचं.

एका रविवारी सकाळी सातपासून दर तासाला बाल्कनीत जाऊन ऊन जिथपर्यंत आलंय तिथे फरशीवर खडूने रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली, बस एवढंच. डिसेंबरात ऊन पावणेदहाला आलं, तिरपं असल्यामुळे पार उंबऱ्यापर्यंत आत आलं आणि पावणेबाराला गेलं. एप्रिलमध्ये परत मोजलं तर पावणेनऊलाच हजर, पण सूर्य भराभर वर चढतो ना, मग वरचा स्लॅब आड येतो, दहानंतर फक्त कठड्यापाशी दीड फुटाचा पट्टा उरला आणि साडेअकराला तोही संपला. म्हणजे हिवाळ्यात दोन तास, उन्हाळ्यात पावणेतीन तास, आणि एकाच बाल्कनीत कठड्याजवळ वेगळं, भिंतीजवळ वेगळं. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटांतून, शेतकऱ्यांना पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडायला शिकवलं, आपण बाल्कनीवाल्यांनी तर तो आधी मांडायला हवा, कारण आपल्याकडे ऊनच सगळ्यात कमी आहे, माती-खत काय विकत मिळतं.

उत्तरेच्या बाल्कनीवाल्यांना सगळेच सांगतात की तुमच्याकडे काही येणार नाही, तेही पूर्ण खरं नाही. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवशी दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत तो दुपारीसुद्धा आपल्या उत्तरेला असतो. त्यामुळे मे महिन्यात उत्तरेच्या बाल्कनीत चक्क ऊन येतं, पुढे पावसाचे ढग येतात ती गोष्ट वेगळी. दक्षिणेच्या बाल्कनीचं उलटं, तिथे हिवाळ्यात आतपर्यंत ऊन आणि मे-जूनमध्ये सावली. म्हणून एकदा मोजून भागत नाही, निदान हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा मोजावं.

आता काय येतं ते सांगते. माझ्या दोन-पावणेतीन तासांत सगळ्यात आनंदाने आलं ते अळू. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, तळाला पाच-सहा भोकं, त्यात काळ्या देठाच्या अळूचे दोन कंद, पाणी भरपूर. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाच-सहा पानं सहज निघतात, आमच्या दोघांच्या वड्या होतात. हळद आणि आलं मेमध्ये लावायचं, दोघांनाही अर्धी सावली चालते, आणि हळदीचा खरा फायदा पानांचा, नागपंचमीला पातोळ्यांसाठी मंडईत पानं शोधत फिरायला नको. गेल्या वर्षी दोन बादल्यांतून जानेवारीत पानं वाळल्यावर दीड किलो ओली हळद निघाली, शेतात याहून कितीतरी जास्त येते हे मला माहीत आहे, पण घरच्या ओल्या हळदीचं लोणचं घातलं त्याला तोड नाही. पुदिना तर विकत आणलेल्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठ-दहा दिवसांत मुळं धरतो. पानाचा ओवा, मायाळू, अबोली (आईच्या परसातली आहे, तिच्याकडून काडी आणली), आणि नागवेल, ती तर मुद्दाम आणली, माहेरचीच म्हणून. ती भिंतीकडच्या कोपऱ्यात आहे, तिला फक्त उजेड मिळतो आणि थोडा वेळ कोवळं ऊन, मस्त चढलीये.

पालेभाजीसाठी तीन-चार तास ऊन असेल तर उत्तम, माझ्याकडे त्याहून कमी आहे म्हणून मेथी, पालक, कोथिंबीर कठड्यापाशी स्टँडवर ठेवते. मेथी जरा लांबट होते पण वीसेक दिवसांत कोवळी असतानाच कापली तर काही बिघडत नाही. आणि कोथिंबिरीचं तर आमच्याकडे जास्त बरं चालतं, एप्रिल-मे मध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकला की गच्चीवरची कोथिंबीर लगेच फुलावर येते, गच्चीवाले लोक पैसे खर्चून हिरवं शेडनेट लावतात. आम्हाला ते शेडनेट बिल्डरने फुकट दिलंय, आणि हे मी अगदी मनापासून म्हणतेय. माझी बहीण मे महिन्यात तिच्या काही कुंड्या माझ्याकडे आणून ठेवते, पाऊस सुरू झाला की परत नेते.

फळभाजी, गुलाब, मोगरा, जास्वंद, शेवंती यांचा नाद मात्र तीन तासांच्या उन्हात करू नये, कुणी कितीही चालतंय म्हटलं तरी. तुळशीचं मला फार लागलं होतं, घरात तुळस नाही ही कल्पनाच सहन होत नव्हती आणि बाल्कनीत ती काटकुळी व्हायची. शेवटी दोन तुळशी केल्या. एक खाली गेटजवळ भरपूर ऊन आहे तिथे वॉचमनदादांच्या खुर्चीशेजारी, एक वर माझ्याकडे, आणि दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. तीन वर्षं झाली, दोन्ही छान आहेत, खालच्या तुळशीला वॉचमनदादाच पाणी घालतात.

मातीबद्दल थोडं. सावलीत पाणी लवकर सुकत नाही, त्यामुळे माती भुसभुशीत हवी. मी एक घमेलं लाल माती, एक घमेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक घमेलं जुनं शेणखत नाहीतर गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घेते. कोकोपीट आधी भिजवून एकदोनदा धुवून घ्यावं, त्यात क्षार असतात. नुसती माती भरली तर बारा इंची कुंडी ओली झाल्यावर 20-25 किलोच्या घरात जाते, अशा पंधरा-वीस कुंड्या बाल्कनीच्या एकाच टोकाला मांडणं बरं नाही, कोकोपीट घातलं की वजन बरंच उतरतं. पाणी रोज घालायचंच असा नियम करू नये, बोटाची दोन पेरं मातीत घालून बघावं, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. सावलीतली झाडं तहानेने कमी आणि पाण्याने जास्त मरतात हे मी दोन वर्षं झाडं घालवून शिकले. कुंड्या आठवड्याला थोड्या फिरवायच्या, नाहीतर झाड उजेडाकडे वाकतं. आणि मागची भिंत पांढरी असली तर उजेडात खरंच फरक पडतो, आमची पिवळट होती ती पांढरी करून घेतली.

कीडही लागते, पिठ्या ढेकूण येतात, मावा येतो, हवा खेळत नाही ना. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी फवारायचं. जास्त झाला तर ती फांदीच कापून टाकते.

एक गोष्ट सगळ्यांनी मनावर घ्यावी. कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या करायच्याच, कोरडा दिवस पाळा म्हणतात तो हाच. आमच्या सोसायटीत एका वर्षी तीन घरांत डेंग्यू झाला, तेव्हा मीटिंगमध्ये सगळ्यांच्या कुंड्या काढा असा ठराव येणार होता. मी आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी उभं राहून सांगितलं की ताटल्या आम्ही दर रविवारी सगळ्यांच्या घरी जाऊन तपासतो, पण झाडं काढू नका. अजूनही तपासतो. खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळू नये आणि कठड्याच्या बाहेर कुंडी टांगू नये, एवढं प्रत्येकाने सांभाळलं तर भांडणं होत नाहीत, बाहेर टांगलेली कुंडी वाऱ्यात खाली कुणाच्या डोक्यात पडली तर काय होईल याचा विचार तरी करवतो का.

तर माझी तुम्हाला विनंती अशी की तुमच्या बागेच्या लेखात प्रत्येक झाडाच्या नावापुढे किती तास ऊन लागतं तो आकडा छापा, दोन, चार, सहा, एवढंच. नर्सरीवाल्यांनीही रोपाला किमतीची चिठ्ठी लावतात तशी उन्हाची लावावी, रोपवाटिका चालवणारे तुमचा पेपर वाचतातच. गच्चीवाल्यांसाठी लिहू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण वर्षातून एखादा तरी लेख आमच्यासाठी, पूर्वेच्या, उत्तरेच्या, बिल्डिंगीच्या आडोशाच्या बाल्कनीसाठी असू द्या. आणि तो जूनमध्ये नको, एप्रिलमध्ये द्या. पहिला पाऊस पडला की सगळी नर्सरीकडे धावतात, तेव्हा ऊन मोजायला वर ऊनच नसतं, आणि हळद-आल्याचे कंदही मेमध्येच मातीत जायला हवेत.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे