अडकलेले ट्रॅव्हल बग रविवारी घेऊन या

सदस्यहो,

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता सिएटलच्या गॅस वर्क्स पार्कमध्ये, टेकडीच्या पायथ्याशी भेटू. तुमच्याकडे पडून असलेले ट्रॅव्हल बग आणि जिओकॉइन आणा, म्हणजे जिओकॅशिंगमध्ये (जीपीएसने लपवलेले डबे शोधण्याच्या खेळात) एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करणारे, कोड असलेले बिल्ले आणि नाणी. गाडीचा कप्पा, जुन्या सॅक, मुलांचे खेळण्यांचे डबे, सगळीकडे शोधा. तिथेच अदलाबदल करून ते मार्गी लावू.

कॅशमधून, म्हणजे लपवलेल्या डब्यातून, उचललेला बग आपला होत नाही, तो मालकाचाच राहतो. कुणी तो नातवासाठी एखाद्या गावाकडे धाडलेला असतो आणि तो आपल्या ड्रॉवरमध्ये धूळ खात असतो!

- दोनेक आठवड्यांत पुढच्या कॅशमध्ये ठेवणं जमणार नसेल, तर मालकाला मेसेज करा.
- बगच्या प्रवासाला हातभार लागणार नसेल, तर उचलू नका; वेबसाइटवर नुसतं ‘डिस्कव्हर’ (म्हणजे फक्त पाहिला असं) नोंदवा.
- फोटोत बगवरचा ट्रॅकिंग कोड (ज्याने त्याची नोंद करता येते) दिसू देऊ नका.
- नोंद दुसऱ्याच्या नावावर अडकली असली तरी बग प्रत्यक्ष हाती आला असेल, तर ‘ग्रॅब’ करून (नोंद आपल्या नावावर घेऊन) पुढे न्या.

कुणी बग दाबून बसलंय असं वाटलं, तर आधी खासगीत, गोडीत विचारा. बऱ्याचदा तो नवखा असतो, नियम माहीतच नसतात. ग्रुपवर नाव घेऊन झोडपणं मात्र आता बंद. उत्तर आलंच नाही, तर मालकाला कळवा. बग हरवल्याची नोंद तो स्वतः करू शकतो.

ज्यांना येणं जमणार नाही त्यांनी शनिवारपर्यंत सांगा, कुणीतरी घरी येऊन बग घेऊन जाईल.