चाचा, तुम्ही खोक्यावर बसलात

चाचा, सलाम.

मोबाईलवरची अक्षरं तुम्हाला बारीक दिसतात, म्हणून तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय की दुपारची जेवणं आटोपली की हे पत्र तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचं. समोर येऊन बोलायला गेले की तुम्ही "राहू दे गं, राहू दे" म्हणत हात झटकता आणि लगेच हातातल्या सतारीच्या कुठल्यातरी खुंटीला हात घालता. म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण माझ्या पाठीबद्दल आजवर जे जे बोलत आले त्यांनी हेही वाचावं असं मला मनापासून वाटतं.

परवा संध्याकाळी घरी सतारीवर यमन राग वाजवला. आलाप, थोडा जोड, मग विलंबित गत. मध्ये न थांबता, पाठ न टेकता. आई आत स्वयंपाक करत होती. ती बाहेर आली नाही, पण मध्येच शिट्टी होऊ नये म्हणून तिनं कुकरखालचा गॅस बंद केला, ते मला इकडे ऐकू आलं. रात्री जेवायला उशीर झाला आणि घरात कुणीही काही बोललं नाही. झोपताना तुमची इतकी आठवण आली की सकाळ होईपर्यंत धीर धरवला नाही.

मी तुम्हाला माझं सगळं कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलंच नाहीत. आज सांगते.

मी आठवीत होते तेव्हा माझा उजवा खांदा वर दिसायला लागला. शाळेचा फ्रॉक एका बाजूला लोंबायचा, दप्तराचा पट्टा घसरायचा. तेव्हापासून मी एकच वाक्य ऐकत आले, "नीट बस." वर्गात नीट बस, देवळात नीट बस, पंगतीत नीट बस. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की ही रोज सतार घेऊन वाकडी बसते, म्हणून पाठ वाकडी झाली. झालं. एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी शर्टावरूनच बघितलं आणि वाढीच्या वयात होतं असं, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. कुणीतरी मालिशवाल्याकडे नेलं. आणि सतार खोळीत घालून कपाटावर गेली. आजोबांनी मिरजेला तुमच्या अब्बांकडून, त्यांच्या हातची घेतलेली सतार, चाचा. तिनं काय केलं होतं?

आता मला सगळं कळतं, म्हणून जास्त राग येतो. माझ्या दुखण्याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि ते बसण्याच्या सवयीनं होत नाही. दप्तरानं होत नाही, सतारीनं तर नाहीच. मणका बाजूला वाकतो आणि वाकता वाकता स्वतःभोवती फिरतोही, म्हणून एका बाजूच्या फासळ्या पाठीवर वर येतात. बहुतेक मुलांत याचं कारण सापडतच नाही, आणि बाक वाढत जाण्याची भीती मुलींना मुलांपेक्षा बरीच जास्त असते. मुलीला पाय जुळवून कमरेतून पुढं वाकायला सांगितलं आणि मागून पाठ बघितली, तर एका बाजूचा उंचवटा कुणालाही दिसतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बाक १० अंशांच्या पुढं गेला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढीचं वय असताना, २५ ते ४० अंशांच्या दरम्यान, पाठीला आधाराचा पट्टा (ब्रेस) लावून तो वाढायचा पुष्कळदा थांबवता येतो. माझं ते वय "नीट बस" ऐकण्यात गेलं. पहिला खरा एक्स-रे निघाला तेव्हा पन्नास अंश ओलांडले होते, आणि पन्नासच्या पुढं गेलेला बाक वाढ संपल्यावरही हळूहळू वाढत राहू शकतो.

ऑपरेशन पुण्यात झालं, चांगलं झालं. पाठीत सळ्या आहेत, स्क्रू आहेत, उंची थोडी वाढली. सर्जनना आणि फिजिओथेरपीच्या ताईंना मी भेटून पाया पडून आले, त्यांचं ऋण वेगळं.

नंतरचे महिने मात्र फार लांबले. वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, वजन उचलायचं नाही. कुशीवर वळायचं तर खांदा आणि कंबर एकदम वळवायची. जोडलेले मणके पक्के व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोवर हाच नेम. दुखणं मी सोसलं. मला छळलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मी पलंगावर आणि येणारी माणसं वर उभी. सगळे माझ्यावर ओणवे होऊन बोलायचे. आवाज आपोआप मोठा व्हायचा, जसं काही माझे कानही गेलेत. "टाके दाखव बघू" म्हणायचे. एका नात्यातल्या बाईंनी माझ्यादेखत आईला विचारलं, आता हिच्या लग्नाचं कसं करणार? आई काही बोलली नाही. मला उठून बाहेर जाताही येत नव्हतं.

डॉक्टरांनी सतारीला हो म्हटलं तेव्हा मी रडले. अट एवढीच होती की जमिनीवर मांडी घालून इतक्यात बसायचं नाही आणि धड वळवायचं नाही. मी ज्यांच्याकडे शिकत होते त्यांना फोन केला. ते म्हणाले, "खुर्चीवर बसून सतार? मग गिटार शीक की." आणि फोन ठेवला. वाद्याचा मान मलाही कळतो, चाचा. वाद्याला पाय लागला तर मी आजही हात लावून नमस्कार करते. पण ज्या माणसाकडे इतकी वर्षं मी डोकं टेकवलं, त्यांना मला एकदा घरी येऊन तरी जा म्हणावंसं वाटलं नाही.

म्हणून त्या दिवशी बाबांबरोबर मिरजेला तुमच्या सतारमेकर गल्लीत आले तेव्हा मी नकार ऐकायची तयारी करूनच आले होते. सांगली-मिरज रस्त्यावर प्रत्येक गतिरोधकाला बाबा रिक्षावाल्याला हात दाखवत होते. तुमच्या दारात आले आणि पाय अडखळले. आत सगळं जमिनीवर. पसरलेली सतरंजी, भिंतीला ओळीनं टेकवलेले सतारीसाठीचे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणाच्या लाकडाचा भुसा, आणि त्यात मांडी घालून बसलेले तुम्ही. तुमच्याकडे मोठमोठे गवई, वाजवणारे येतात तेही सतरंजीवरच बसतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मला बसता येणार नव्हतं. मी चौकटीला धरून उभीच राहिले.

तुम्ही मान वर करून एकदा बघितलंत. माझ्या पाठीकडं नाही, माझ्या पायांकडं. पोराला हाक मारलीत, "शेजारून खुर्ची आण रे. हात नसलेली आण." हात असलेल्या खुर्चीत सतार मावत नाही, दांडी अडते, हे मला घरी चार खुर्च्या बदलल्यावर समजलं होतं. तुम्ही न बघता सांगितलंत.

मी खुर्चीवर बसले आणि मला आणखीच अवघडल्यासारखं झालं. तुम्ही माझ्या आजोबांच्या वयाचे, खाली बसलेले, आणि मी वर. मी उठायला लागले. तेव्हा तुम्ही हातातली कानस खाली ठेवलीत, गुडघ्यावर हात दाबून उठलात, परगावी वाद्य पाठवायचा तो लाकडी खोका सरकवलात आणि त्यावर माझ्यासमोर बसलात. धोतरावरचा भुसा झटकलात आणि विचारलंत, "बोल बेटा, कुठं टोचतंय?"

चाचा, एवढंच. तुमच्या ध्यानातही नसेल. पण कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझ्या डोळ्यांना डोळे लागतील इतक्या उंचीवर बसून माझ्याशी बोललं. आयुष्यभर ज्या जागेवर मांडी घालून काम केलंत ती जागा सोडलीत, आणि ते मला कळूही नये असं केलंत. पुढचं सगळं काम तुम्ही त्या खोक्यावर बसूनच केलंत. मांडीवर फळी घेतलीत आणि घोडीची जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तो घोडीचा माथा, तिथंच घासून काढलीत. पोरगा म्हणाला, "चाचा, खाली बसा की, हात नीट चालंल." तुम्ही त्याच्याकडं नुसतं बघितलंत.

मी त्या खोक्याचा विचार अजूनही करते.

बाकीचं तुमच्या कसबाचं काम होतं आणि ते लोकांना कळावं म्हणून लिहिते, कारण माझ्यासारखी आणखी मुलं असतील. सतार धरायची मूळ रीत अशी की दांडी डाव्या हातानं सावरायची नाही. उजव्या हाताचा भार भोपळ्यावर ठेवायचा म्हणजे ती आपली आपण उभी राहते, आणि डावा हात सुरांना मोकळा राहतो. मांडी घातली की भोपळ्याला खाली तळपायाचा टेका मिळतो. खुर्चीवर तो टेका जातो, सतार घसरते, आणि ती सावरायला माणूस कमरेतून वळतो. मला नेमकं तेच मना होतं. तुम्ही सुतळी घेतलीत, माझा हात जिथं न ताणता पोचत होता तिथपर्यंत मापलंत, खुर्चीच्या पायावर पेन्सिलीनं खूण केलीत. उरलेल्या लाकडाची घडवंची केलीत, तिला भोपळ्याच्या बाकाची खोबण कोरलीत, आत जाड लोकरी कापड चिकटवलंत. वरचा छोटा भोपळा फिरवून काढलात आणि म्हणालात, "हा माझ्याकडं राहू दे, तुझी पाठ पक्की झाली की बसवू." तो फिरकीचा असतो आणि निघतो, हेही मला तेव्हाच कळलं. गंजलेल्या तारा सगळ्या बदलल्यात, बाजाची, म्हणजे मुख्य तार एक नंबर बारीक घातलीत, कारण मींड घ्यायला तार बाजूला ओढताना खांद्याच्या मागं कळ यायची. जवारी जरा खुली ठेवलीत, कमी जोरात छेडलं तरी आवाज खुलावा म्हणून. काळी एकच्या सुराला लावून सतार माझ्या हातात दिलीत तीसुद्धा बाजूनं, माझ्या हाताच्या उंचीवर. मला वाकावं लागलं नाही.

पैसे विचारले तेव्हा तारांचे घेतलेत. घडवंचीचे नाही. "लाकूड पडूनच होतं," म्हणालात.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीत सगळ्यांना अभिमान वाटला, मलाही वाटला. तुमच्याच तोंडून ऐकलेलं आहे की गल्लीतले जुने कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांचा हा हुन्नर इथं रुजवला. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, १९३७ साली गेले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं. उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं तेव्हा आजोबा मला खांद्यावर घेऊन जायचे. हे सगळं लोक अभिमानानं सांगतात आणि सांगावं. पण मला विचाराल तर मिरजेचं नाव ज्यावर टिकून आहे ते हेच, की दारात आलेल्या माणसाला कारागीर आधी नीट बघतो. हिंदू-मुसलमान, गवई-विद्यार्थी, पैसेवाला-बिनपैशाचा, तुमच्या सतरंजीवर मी सगळे बघितलेत आणि सगळ्यांना एकाच किटलीतला चहा मिळालेला बघितलाय. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं. शिकलेल्या, मानाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसांना जे सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं, आणि तुम्हाला ते सुचवायलाही कुणी लागलं नाही.

ज्यांनी फोन ठेवला त्यांच्याबद्दल आता मला फार बोलायचं नाही. एक मात्र त्यांनाच सांगते. त्यांच्याकडे आजही लहान मुली शिकतात. त्यांतली एखादी खांदा वर करून बसत असेल तर तिला ओरडू नका, तिच्या आईला बोलावून घ्या आणि एक्स-रे काढायला सांगा. एवढं केलंत तरी माझा राग निम्मा जाईल.

आई तुमच्यासाठी शेवयांची खीर करून पाठवणार होती, मी म्हटलं तूच ये. तिला तुम्हाला बघायचंय. शुक्रवारी जुम्याची नमाज झाल्यावर आम्ही तिघं येतो. घडवंचीतल्या लोकरीचा एक कोपरा सुटलाय तो चिकटवून हवाय, आणि तिसऱ्या तरफेची, म्हणजे खालच्या गुंजणाऱ्या तारेची खुंटी सरकते. फिजिओच्या ताई म्हणाल्या की पुढच्या तपासणीनंतर थोडा वेळ मांडी घालून बघू, तेव्हा वरचा भोपळा पुसून ठेवा. आणि चाचा, या वेळी लाकडाचे पैसे घ्या. आजोबा असते तर त्यांनी दिल्याशिवाय पाऊल उचललं नसतं, आणि तुमच्या अब्बांनी त्यांच्याकडून घेतले असते.

तुमची बेटी,
सांगलीहून