सगळ्या बायकांचं दुखणं एकच नसतं

संपादक महोदय,
तुमच्या पुरवणीतला स्त्रीवादाच्या इतिहासावरचा लेख छान होता, पण त्यात काळ्या बायकांचा साधा उल्लेखही नाही हे फार खटकलं म्हणून लिहितेय. अमेरिकेत पाच काळ्या कामगार बायकांनी जनरल मोटर्सवर केस केली होती, कंपनीने १९६४ च्या आधी काळ्या बायकांना कामावर घेतलंच नव्हतं, मग मंदीत जे शेवटी लागले त्यांना आधी काढलं, म्हणजे नेमक्या ह्याच घरी बसल्या. १९७६ ला कोर्ट म्हणतं, कंपनीत बायका आहेत की, मग बाई म्हणून भेदभाव कसला! होत्या ना, पण गोऱ्या, ऑफिसच्या कामाला. आणि काळे पुरुष होते कारखान्यात. मग ह्यांनी दाद मागायची कुठे? अमेरिकेतल्या काळ्या कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये हीच केस घेऊन इंटरसेक्शनॅलिटी मांडली, की वर्ण आणि बाईपण असं वेगवेगळं मोजताच येत नाही. आपल्याकडे तर मुक्ता साळवेने १८५५ मध्येच ‘ज्ञानोदय’ ह्या नियतकालिकात मांग-महार बायकांच्या बाळंतपणाचे हाल लिहिलेत, घरावर छप्पर नाही, थंडीपाऊस तसाच अंगावर. फुल्यांच्या शाळेतली पोर होती ती! पुढच्या पुरवणीत ह्या दोघींवर पानभर तरी द्या प्लीज.

— एक वाचक, सोलापूर