बाबा, काचेची पेटी नको

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर हे नीट बोलता येत नाही, बाबा दोन मिनिटांत "बरं, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात, म्हणून व्हॉट्सअपवर लिहूनच पाठवतेय. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव, मधलं गाळू नकोस.

बाबा, कलमांचे आलेले ५० हजार दादाच्या नावाने गावच्या आरोग्य केंद्राला द्यायचे, कमी वजनाच्या बाळांना उबेत ठेवायची काचेची पेटी घ्यायला, असं तुम्ही परवा म्हणालात. दादाचं नाव तुमच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. पैसे नक्की द्या. पण पेटी नको.

पेटीला चोवीस तास लाइट लागते, आपल्याकडे पावसात दोन-दोन दिवस नसते, आणि तिच्याजवळ रात्रभर शिकलेली नर्स लागते. इतकं नाजूक बाळ तसंही केंद्रात ठेवत नाहीत, जिल्ह्याच्या हॉस्पिटलला पाठवतात. वाटेत ऊब द्यायला आईची छाती असते. १९७८ च्या सुमारास कोलंबियात, बोगोटाच्या एका हॉस्पिटलात पेट्या कमी पडायच्या म्हणून तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली, आता त्यालाच कांगारू मदर केअर म्हणतात. २०२१ ला भारतासकट पाच देशांतल्या हॉस्पिटलांचा अभ्यास आला, जन्मल्याबरोबर असं छातीशी धरलं तर बाळं दगावण्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी झालं.

पण माझं खरं कारण वेगळंय. दादा वजन कमी म्हणून गेला नाही, तो हगवणीने गेला.

आई, तू हे मला एकदाच सांगितलंयस, मी नर्सिंगला निघाले त्याच्या आदल्या रात्री. १९८० चा श्रावण, बाबा लालबागला गिरणीत, दादा १० महिन्यांचा. पातळ थांबेना, आणि घरातले, वाडीतले सगळे म्हणाले पाणी देऊ नको, दिलं की अजून जातं, अंगावरचं पण बंद कर. टाळू पडली म्हणून टाळूवर तेल भरत बसले. बाबांना तार पोचली तोवर सगळं उरकलं होतं. तू म्हणालीस, "तो तांब्याकडे बघत होता गं." त्यानंतर ४५ वर्षं तू घरात कुणाला तहानलेलं ठेवलं नाहीस, पाहुणा उंबऱ्यावर असतानाच तुझा तांब्या बाहेर येतो, ते कशामुळे हे मला त्या रात्री कळलं.

आता मी काय सांगते ते ऐक. टाळू पडणं हा आजारच नव्हता, अंगातलं पाणी संपल्याची ती खूण होती. हगवणीत पोर मरतं ते पाणी आणि मीठ वाहून गेल्यामुळे, आणि आतडं कितीही बिघडलेलं असलं तरी मीठ आणि साखर एकत्र योग्य मापात गेली की ती दोन्ही आत ओढून घेतं आणि त्यांच्यामागे पाणी पण येतं. १९७१ ला बांगलादेशचे निर्वासित आले तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या कॅम्पमध्ये कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ड्रममध्ये ठेवलं आणि नातेवाइकांनाच कपाने पाजायला लावलं. जिथे १०० मधली ३० माणसं मरत होती तिथे तीन-चारवर आलं. २०२३ ला त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेही मरणोत्तर. म्हणजे दादाच्या नऊ वर्षं आधी आपल्याच देशात हे कळलेलं होतं, फक्त ते आपल्या वाडीपर्यंत चालत आलं नव्हतं. तुला कुणी सांगितलंच नाही आई. तुझ्या हातून काही चुकलं नाही. हे मी मुलगी म्हणून नाही, रोज हेच काम करणारी बाई म्हणून सांगतेय.

आणि ते अजूनही सगळीकडे पोचलेलं नाही. मानखुर्दला माझ्या एरियात लोक पाणी विकत घेऊन ड्रमात भरून ठेवतात, पावसात गटाराचं पाणी पाइपात शिरतं, मग घरटी एक पोर आजारी. ओआरएसचं, म्हणजे त्याच मीठ-साखरेच्या पाण्याचं पाकीट घरात असतं पण लिटरचं अख्खं पाकीट एका ग्लासात ढवळतात, ते इतकं खारट होतं की उलट नुकसान करतं. झिंकची गोळी १४ दिवस द्यायची तर तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की बंद. शिवाय ते गोड ज्यूसचे डबे, वर्षानुवर्षं त्यावर ओआरएस लिहून विकले, त्यात साखर इतकी की जुलाब वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने तसं लिहायला बंदी केली, तरी आया अजून तेच मागतात. १९९० ला जगात पाच वर्षांच्या आतली सव्वा कोटीच्या आसपास मुलं वर्षाला जायची, २०२२ ला ४९ लाख, यात लसी आहेत, पाणी आहे, आणि हे मीठ-साखरेचं पाणी पण आहे. पण ४९ लाख म्हणजे किती ते मला डोळ्यांपुढे आणता येत नाही, मला दादा तांब्याकडे बघताना दिसतो.

तर बाबा, पाकिटं घेऊ नका, आशाताईंकडे ती फुकट येतात. त्यापेक्षा पैसे महिला बचत गटाकडे ठेवा, धनगरवाडीवरून रात्री पोर खाली आणायला जीपच्या भाड्यासाठी. पोर सुस्त पडलंय, लघवी नाही, डोळे आत गेलेत, पाणी पण पीत नाही, अशा वेळी घरातले सकाळची वाट बघतात कारण भाड्याला पैसे नसतात, आणि सकाळी उशीर झालेला असतो. उरले तर अंगणवाडीत पाण्याची टाकी आणि पोरांच्या उंचीचे दोन नळ, साबणासकट. गटाच्या अध्यक्षांशी मी फोनवर बोललेय, त्या वही वेगळी ठेवतील, तुम्ही सही करायची.

शुक्रवारी रात्री कोकणकन्येने निघते, पहाटे चिपळूणला उतरेन, घ्यायला येऊ नका, रिक्षा मिळते. वहीवर पहिल्या पानावर दादाचं नाव लिहायचंय. आई, बारशाला ठेवलेलं लिहायचं की तू हाक मारायचीस ते, तेवढं ठरवून ठेव.

तुमची,
बाय